मर्डोच्या कानातली शीळ

मर्डो गॅलब्रेथनं छोटी डबी टेबलावर ठेवली, दोन बोटांनी जॉसलिनकडे सरकवली आणि हात मागे घेऊन मांडीवर ठेवले. त्या हातांनी ऑस्ट्रेलियातल्या वायलाच्या गोदीत जहाजांच्या पोलादी पाठी ठोकल्या होत्या. आता ते शाळेत खोडी सापडलेल्या पोरासारखे एकमेकांत गुंतून बसले.

"परत घे पोरी," तो म्हणाला. "तुझा अभ्यास बिघडवतोय मी. माफ कर."

आवाज खणखणीत होता. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज कुठवर पोचतो ते कळत नाही. बाहेरच्या बाकावरची दोन माणसं दारातून डोकावून गेली.

"बाबा, हळू," त्याची मुलगी मोरॅग म्हणाली. पन्नाशीची बाई, शाळेच्या कँटीनमधून तशीच आलेली, ॲप्रनवर पिठाचा हात उमटलेला.

"हळूच बोलतोय," मर्डो ओरडला.

वायलाची गोदी बंद पडून जमाना लोटला. पण जहाजं गेली ती एकटी गेली नाहीत, जाताना पोरांचे कान घेऊन गेली, असं गावात म्हणतात. ज्या घरात स्कॉटलंडहून आलेला बाप किंवा आजा गोदीत लागला, त्या घरात टीव्ही गल्लीला ऐकू जाईल इतका मोठा. म्हणून तर कानयंत्रांच्या या अभ्यासाला माणसं शोधायला दूर जावं लागलं नाही. तीस वर्षं या गावाचे कान तपासणारी जॉसलिन पेन्हॉल ज्याच्या त्याच्या दारी गेली, आणि 'लाजू नका हो' म्हणत एकेकाला घेऊन आली. मर्डोला आणायला तिला चार खेपा पडल्या होत्या.

अभ्यास होता दोन सूत्रांचा. कोणता आवाज किती उचलून कानात घालायचा, त्याचं गणित म्हणजे सूत्र. जुनं सूत्र सबुरीचं. नवं सूत्र बारीक आवाजांना हात देऊन वर घेणारं: बशीवरचा चमचा, पानातली सळसळ, नातवंडाच्या बोलण्यातली टोकं. माणसानं काही आठवडे एक वापरायचं, काही आठवडे दुसरं, आणि कोणतं बरं ते सांगायचं. कोणतं कधी लावलंय ते त्याला कळू द्यायचं नाही.

आता आवाज फार उचलला की यंत्र आपलाच आवाज पुन्हा गिळतं आणि शीळ घालायला लागतं. एरवीच्या यंत्रात ती शीळ दाबायची सोय असते. पण ती सोय सूत्राच्या मापात लुडबुड करते, म्हणून या अभ्यासात ती बंद ठेवली होती. तिच्या जागी माणसाचा कान नेमला होता. यंत्र बसवणाऱ्यानं समोरच्याला चघळायला लावायचं, हसायला लावायचं, मान वळवायला सांगायचं, कानाशी हात न्यायचा, आणि शीळ येते का ते आपण ऐकायचं. येत नसेल तर तसा शेरा मारायचा आणि माणसाला जगात सोडायचं.

तो कान जॉसलिनचा होता.

"झालंय काय पण, मर्डो?" तिनं विचारलं. "गेल्या वेळी तर म्हणालात, झाडावरचे पोपट भांडतात ते कळायला लागलं."

मर्डोनं मोरॅगकडे पाहिलं. तूच सांग, असं ते पाहणं होतं.

"बोल्सच्या क्लबात," मोरॅग म्हणाली. "चाळीस वर्षं त्या हिरवळीवर गोळे घरंगळवतोय हा. ब्रूनोच्या संघात पहिला गोळा याचा, ठरलेलं. गोळा टाकायला मॅटवर माणूस उभा राहिला की हिरवळीवर कुणी खोकत नाही, ठाऊक आहे ना? आणि त्या शांततेत याचं मशीन शीळ घालतं. सारखं. याला काहीच पत्ता नाही. हा उभा आपला ऐटीत."

"मला वाटलं, वारा आहे म्हणून सगळ्यांचे गोळे वाकडे जातायत," मर्डो म्हणाला.

"मागच्या शनिवारी ब्रूनोनं याला गुणफलकाशी बसवलं. म्हणे, तुझ्या गुडघ्यांना आराम. मला ब्रूनोच्या बायकोनं सांगितलं खरं काय ते. पाठीमागं किटली म्हणतात याला. किटली आली, किटली उकळली."

मर्डो हसला. हसणं अर्ध्यावर विझलं. "त्यांची चूक नाही. मीच धड घालत नसणार. बोटं जाड माझी. तू इतकं नीट शिकवलंस, आणि मी…" तो थांबला. "या शनिवारी जातो, ब्रूनोला सांगतो, माझ्या जागी दुसरा घे. झालं. घरात बसायला मशीन कशाला लागतं?"

हे तो सहज म्हणाला. पण मर्डोची बायको गेल्यापासून शनिवारची हिरवळ हाच त्याचा माणसांत जायचा एकमेव रस्ता होता, हे जॉसलिनला माहीत होतं. तो रस्ता बंद झाला की हा माणूस खुर्चीत बसेल, पडदा ओढेल, आणि मग कुणाच्या चार काय, चाळीस खेपांनीही उठणार नाही. असे तिनं पुष्कळ पाहिले होते. कान गेला म्हणून माणूस मरत नाही, तो आधी कोपऱ्यात जातो.

"घाला बघू," ती म्हणाली. "माझ्यासमोर घाला."

मर्डोनं यंत्रं घातली. जाड बोटं, पण सफाईदार. कानाच्या मापाचा साचा आत बरोबर बसला, मागचं यंत्र कानावर चपखल. तिनं त्याला चघळायला सांगितलं. तो पास्टीचा नसलेला घास चघळत राहिला. मान डावीकडे, मान उजवीकडे. तिनं तळहात त्याच्या कानाजवळ नेला, चेहरा जवळ केला, डोळे मिटले आणि ऐकलं.

खोलीतल्या एसीची घरघर. मर्डोचा श्वास. बाहेर ट्रक.

"बघा," ती म्हणाली. "शीळ नाही."

मोरॅग तिच्याकडे बघतच राहिली. "वाजतेय की," ती म्हणाली. "आत्ता. तुम्ही हात नेल्यापासून वाजतेय. दाढेत कळ यावी अशी."

किती वेळ गेला ते जॉसलिनला पुढं कधी सांगता आलं नसतं. फार गेला नसावा. माणूस पाय घसरल्यावर जेवढ्यात खांब धरतो, तेवढाच. तिनं मान हलवली, चेहऱ्यावर ओळखीचं हसू आणलं आणि म्हणाली, "हो, हो. आता येतेय थोडी."

तीस वर्षं हेच हसू तिनं समोरच्या खुर्चीत पाहिलं होतं. ऐकू न आलेल्या माणसाचं हसू. ओठ वर, डोळे भ्यालेले, मान अंमळ आधीच हललेली. दुसऱ्या कुणाच्या तोंडावर ते तिनं तत्क्षणी ओळखलं असतं.

"म्हणजे मीच," मर्डो म्हणाला. "मीच घालायला चुकतो. बघ मोरॅग, म्हटलं नव्हतं? माफ कर पोरी. तुझ्या कामाला बट्टा लावला."

आणि जॉसलिन म्हणाली, "होतं असं कधीकधी. साचा जरा आणखी आत ढकलायचा."

तिनं आरसा आणला. आरशात बघून एक्याऐंशी वर्षांच्या माणसानं, जे काम त्याला बिनचूक येत होतं ते, पुन्हा तिच्याकडून शिकून घेतलं. प्रत्येक वेळी 'असं ना?' विचारलं. प्रत्येक वेळी ती 'असंच' म्हणाली. मग त्यानं यंत्रं काढून डबीत ठेवली, डबी तिच्याच टेबलावर सोडली, आणि जाताना दारात वळून पुन्हा एकदा माफी मागितली.

बापलेक गेल्यावर जॉसलिननं त्यातलं एक यंत्र उचललं. या धंद्यातली माणसं दिवसातून पन्नास वेळा एक गोष्ट करतात, पोळी लाटणारी बाई पीठ चिमटीत घेऊन बघते तशी: यंत्र चालू करून बंद मुठीत धरायचं. मुठीत ते शीळ घालतं. शीळ आली की सेल जिवंत, यंत्र जिवंत. जॉसलिननं मूठ मिटली. कानाशी नेली. पाखरू पकडलंय आणि त्याची धडधड ऐकतोय, अशी.

काही नाही.

मूठ तशीच घेऊन ती चहाच्या खोलीत गेली. तिथं तिची सहकारी थुई सँडविच खात होती.

"सेल संपलाय का गं याचा?" जॉसलिननं विचारलं.

थुईनं खांदे कानापर्यंत नेले. "संपलाय? अगं, बंद कर ना ते, डोक्यात जातंय."

जॉसलिननं मूठ उघडली. थुईचे खांदे खाली आले. जॉसलिननं मूठ मिटली. खांदे वर. उघडली. खाली. दुसऱ्याच्या खांद्यांवरून तिनं आपलं बहिरेपण वाचून घेतलं.

खरं तर नवीन काही कळलं नव्हतं. मनाच्या तळाशी माहिती आधीपासून होती. ताप मोजायच्या नळीची पिपाणी वाजेनाशी झाली तेव्हा तिनं नळी बदलली. नवीही वाजली नाही तेव्हा ती आकडे बघायला शिकली. खारफुटीच्या वाटेवर बहीण रूथ म्हणायची, ऐकलंस का, केवढं बारीक गातंय ते पाखरू, आणि ती म्हणायची, गोड आहे. स्वतःच्या कानांची चाचणी ती टाळत आली. आज रविवार, उद्या गर्दी, परवा बघू. 'लाजू नका हो, ऐकू न येण्यात लाजण्यासारखं काय आहे?' हे वाक्य तिनं ज्या ओठांनी हजारदा म्हटलं, त्याच ओठांनी ती हसून वेळ मारून नेत होती. आणि ती वेळ मर्डोवर जाऊन बसली होती.

एकट्या मर्डोवर तरी कुठं? या अभ्यासात तिनं बसवलेलं प्रत्येक यंत्र तिच्या 'शीळ नाही' या शेऱ्यावर बाहेर पडलं होतं. किती चर्चमध्ये, किती जेवणाच्या टेबलांवर ती पाखरं ओरडत असतील, आणि किती म्हाताऱ्यांना लोक पाठीमागं काय म्हणत असतील, देव जाणे. नवं सूत्र नको म्हणणारे दिवसेंदिवस वाढत होते. सिडनीत बसून अभ्यास चालवणारी माणसं त्याची कारणं गणितात शोधत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं थुईला सांगितलं, आणि मग सिडनीला फोन करून अभ्यासाच्या प्रमुख बाईंना सांगितलं. बाई सभ्य होत्या. तिनं बसवलेली यंत्रं थुई पुन्हा तपासेल, तिचे निकाल बाजूला ठेवू, अहवालात तसं लिहू, असं म्हणाल्या. फोन झटकन संपला. फोनवर लाज फारशी वाटत नाही. समोर तोंड नसतं.

तोंड मर्डोचं होतं. त्याला फोन करून उपयोग नव्हता, यंत्रं तर तिच्याच टेबलावर होती. चिठ्ठी लिहावी असं तिच्या मनात आलं. घडी घालावी, मोरॅगच्या हाती द्यावी. मग दारात वळून माफी मागणारा मर्डो तिच्या डोळ्यांपुढं आला. त्यानं चिठ्ठी पाठवली नव्हती.

शनिवारी ती क्लबात गेली.

कापलेल्या गवताची हिरवी चादर, भोवती लाल धूळ, पलीकडे खाडीचं पाणी शिशासारखं पडलेलं. पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं. कडेच्या टेबलावर झाकलेली सँडविचं, लॅमिंग्टन केकचे चौकोन आणि माश्या. गुणफलकाशेजारच्या बाकावर मर्डो एकटा बसला होता, पांढऱ्या टोपीत, आकड्यांच्या पाट्या मांडीवर घेऊन. खेळ बघत नव्हता. पाट्यांच्या कडा बोटानं साफ करत होता.

ती सरळ त्याच्याकडे गेली आणि बोलायला लागली. "मर्डो, मला तुमच्याशी—"

"मॅटवर माणूस आहे, बाई," कुणीतरी म्हणालं. ब्रूनो होता तो, बुटका, पोट पट्ट्यावर आलेलं, संघाचा कर्णधार.

ती गप्प झाली. मॅटवरच्या माणसानं वाकून गोळा सोडला. गोळा गवतावरून हळूहळू घरंगळत, वळण घेत, छोट्या पांढऱ्या गोळीकडे निघाला. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि जॉसलिन मर्डोच्या टोपीकडे. एवढ्या वेळात निघून जाता आलं असतं. गोळा थांबला. कुणीतरी 'बरा आहे' म्हणालं.

"मर्डो," ती म्हणाली, "चूक तुमची नव्हती."

मर्डोनं वर पाहिलं, चेहरा उजळला. "अगं, तू! चहा घेतलास का?"

"चूक तुमची नव्हती. माझी होती."

"काय?" त्यानं हात कानामागं धरला.

तेव्हा तिला कळलं. लाजेची गोष्ट माणूस हळू सांगतो, मान खाली घालून, ओठांतल्या ओठांत. पण मर्डोच्या कानात यंत्र नव्हतं, आणि ते कुणामुळं नव्हतं? त्याला सांगायचं तर चेहरा वर ठेवून सांगावं लागणार होतं. ओठ दिसतील असं. आणि मोठ्यानं.

"शीळ माझ्यामुळं वाजत होती," ती मोठ्यानं म्हणाली. "मला ती ऐकू येत नाही. माझेच कान गेलेत."

शेजारच्या पट्टीवरचा खेळ थांबला.

"कुणाचे कान?" मर्डोनं विचारलं.

"माझे," जॉसलिन ओरडली. "मी बहिरी होत चाललेय, मर्डो. दोन वर्षं झाली. कुणाला बोलले नाही. तुम्ही यंत्र बरोबर घालत होता. पहिल्यापासून बरोबर घालत होता."

हिरवळीवर आता कुणीच मॅटवर नव्हतं, तरी कुणी खोकलं नाही. टेबलाजवळच्या बायका सँडविचवरचं फडकं हातात धरून उभ्या राहिल्या. जॉसलिनच्या मानेपासून कानाच्या पाळ्यांपर्यंत आग चढत गेली.

मर्डोनं पाट्या बाकावर ठेवल्या. तो चिडेल असं तिला वाटलं होतं, किंवा हसण्यावारी नेईल. त्यानं दोन्हीतलं काहीच केलं नाही. तो आठवत होता.

"गुरुवारी," तो म्हणाला, "मी तुझी माफी मागितली."

"हो."

"तेव्हा तुला ठाऊक होतं."

"तेव्हाच कळलं होतं. मोरॅग म्हणाली तेव्हा."

"आणि तू घेतलीस माफी. ठेवून घेतलीस."

"घेतली."

"आरसा दिलास वर."

"दिला."

"शिळेचं काही नाही पोरी," मर्डो म्हणाला. "मशीन आहे, वाजणारच. पण मी दोन रात्री माझ्या बोटांना शिव्या दिल्या. या बोटांना. यांनी कधी एक रिव्हेट वाकडी ठोकली नाही." त्यानं हात उलटसुलट करून पाहिले. मग एकदम ब्रूनोकडे वळला. "आणि तू रे? तुला तर ऐकू येत होतं."

ब्रूनोनं टोपी काढली, पुन्हा घातली. "कसं सांगणार, मर्डो. म्हटलं, तुला वाईट वाटेल."

"किटली म्हणताना नाही वाटलं?"

"ते प्रेमानं रे."

"प्रेमानं म्हणे. तुझी बायको तुला पिंप म्हणते तेही प्रेमानंच." कुणीतरी फिस्सकन हसलं. ब्रूनो हसला नाही. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला, आणि त्याच्यामागं उभे असलेले दोघंही आपापल्या बुटांकडे.

मर्डोनं पुन्हा जॉसलिनकडे पाहिलं. "घरी कोण असतं तुझ्या?"

"बहीण. रूथ."

"तिला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे ती बोलते आणि तू हसतेस."

तिनं मान डोलावली.

"मीही हसायचो," मर्डो म्हणाला. या वेळी आवाज खरंच हळू होता, कसा कोण जाणे. "माझी बायको गेली तोवर हसत होतो. शेवटच्या दिवसांत तिचा आवाज बारीक झाला होता. ती काहीबाही सांगायची, मी म्हणायचो, हो गं, हो गं. काय सांगत होती ते मला आजतागायत माहीत नाही." त्यानं नाक ओढलं. "तू माझ्या दारी चौथ्यांदा आलीस तेव्हा मी त्यापायी हो म्हटलं. तुझ्या सूत्राबित्रासाठी नाही."

खाडीवरून वारा आला आणि बाकावरची एक पाटी खाली पडली. जॉसलिन ती उचलायला वाकली. "राहू दे," मर्डो म्हणाला, तर ती तशीच सरळ झाली.

"सोमवारी येतो. मशीन तपासायला ऐकू येणारं माणूस ठेव. आणि त्याआधी घरी जाऊन बहिणीला सांग. सांगितलंस का ते विचारणार आहे मी, आणि मोठ्यानं विचारणार आहे, बाहेर बाकावर माणसं असतील त्यांच्यादेखत."

"सांगते."

"मी माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

तो उठला. टोपी नीट केली, पॅन्टवरची धूळ झटकली, आणि गुणफलक तसाच सोडून हिरवळीवर उतरला. ब्रूनोच्या संघाचा नवा पहिला खेळाडू मॅटजवळ गोळा घेऊन उभा होता. मर्डोनं त्याच्यापुढं नुसता तळहात पसरला. त्या माणसानं ब्रूनोकडे पाहिलं. ब्रूनोनं मान हलवली. गोळा तळहातावर आला.

जॉसलिन जायला वळली. कुणाच्या नजरेला नजर न देता फाटकापर्यंत कसं पोचायचं याचा हिशेब ती करत होती.

"कुठं निघालीस?" मॅटवरून मर्डो ओरडला. "थांब तिथंच. मी खेळतोय."

ती थांबली. मॅटवर माणूस होता, म्हणून सगळी हिरवळ गप्प होती. पण गोळ्याकडे थोडेच बघत होते, बाकीचे तिच्याकडे बघत होते. तिनं हात पाठीमागं एकमेकांत धरले. मर्डोनं वाकून गोळा सोडला. तो फार आधी वळला आणि हिरवळीच्या कडेच्या चरात जाऊन पडला. मर्डोनं भलीमोठी शिवी दिली आणि दुसऱ्या गोळ्यासाठी हात पुढं केला.

तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, हसलीही नाही. चेहरा ज्या उंचीवर ठेवून ती ओरडली होती, त्याच उंचीवर ठेवून ती दुसरा गोळा सुटायची वाट बघत उभी राहिली.